अंडाशयाचा कॅन्सर परत आला असेल तर: दुसऱ्या ऑपरेशनआधी कोणते स्कॅन आणि कशासाठी?

अंडाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमोचे सहा डोस पूर्ण झाले, वर्ष-दीड वर्ष चांगले गेले. मग पोट पुन्हा गच्च वाटू लागते, दोन घास खाल्ले की पोट भरते, किंवा रक्ततपासणीत सीए-१२५ चा आकडा चढलेला दिसतो. घरात पहिला प्रश्न असतो, "परत आला का?" दुसरा लगेच येतो, "पुन्हा ऑपरेशन करून काढता येईल का?"

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या तपासण्यांतून मिळतात. आजार परत आला आहे की नाही, हे पुष्कळदा एका सीटी स्कॅनवरून कळते. ऑपरेशन करावे की नाही, हे ठरवायला मात्र आजार नेमका कुठे कुठे आहे, किती ठिकाणी आहे आणि सगळाच्या सगळा निघण्यासारखा आहे का, हे पाहावे लागते. देवरी, आमगाव, सालेकसा, चिचगड भागातल्या कुटुंबांना या तपासण्यांसाठी गोंदिया, नागपूर किंवा रायपूरला फेऱ्या माराव्या लागतात. कोणती फेरी कशासाठी आहे, हे आधी माहीत असले तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतो.

आधी "पिशवी"चा घोळ

आपल्याकडे बहुतेक बायका "पिशवीचे ऑपरेशन झाले" एवढेच सांगतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय ही त्याच्या दोन बाजूंना असलेली वेगळी छोटी इंद्रिये आहेत, आणि त्यांच्या कॅन्सरची चाल गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपेक्षा निराळी असते. अंडाशयाच्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, विखरून रुजतात. शेतात धान फेकून पेरावे तशा त्या यकृताखाली, आतड्यांच्या पृष्ठभागावर, ओमेंटम नावाच्या चरबीच्या पडद्यावर आणि ओटीपोटाच्या तळाशी बसतात. एकच मोठी गाठ स्कॅनमध्ये सहज दिसते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या दहा-वीस गाठी शोधणे अवघड असते, आणि हा आजार पुष्कळदा त्याच रूपात परततो. पुढे सांगितलेल्या जवळपास प्रत्येक स्कॅनची मर्यादा याच गोष्टीतून येते.

सीए-१२५ वाढला, पण बाई ठणठणीत आहे

सीए-१२५ साधारण ३५ पर्यंत असला तर सामान्य धरतात. उपचारांनंतर तो खाली आला आणि मग दोन-तीन तपासण्यांत सलग चढत गेला, तर आजार परतण्याची शक्यता बरीच असते. लक्षणे दिसण्याच्या काही महिने आधीच तो वाढू शकतो. साहजिकच घरच्यांना वाटते, लवकर कळले म्हणजे लवकर केमो, म्हणजे जास्त आयुष्य.

हे मोजून पाहिलेले आहे. ब्रिटन आणि युरोपातल्या मोठ्या अभ्यासात ५२९ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला सीए-१२५ वाढताच उपचार दिले आणि दुसऱ्या गटाला लक्षणे दिसल्यावर. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. पहिल्या गटाची केमो सुमारे पाच महिने आधी सुरू झाली, पण दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक पडला नाही. म्हणजे केवळ आकडा वाढला म्हणून घाईने केमो सुरू करण्यात फायदा दिसला नाही, आणि त्या बाईचे बरे जाणारे महिने मात्र सुईखाली गेले.

मग आकडा बघायचाच नाही का? तसेही नाही. त्या अभ्यासाच्या काळात दुसऱ्या ऑपरेशनचा विचार आजच्याइतका होत नव्हता. आज काही निवडक रुग्णांना ऑपरेशनचा फायदा होतो असे दिसते, आणि आजार थोड्याच ठिकाणी असताना सापडला तर त्यांची निवड सोपी होते. म्हणून सीए-१२५ किती दिवसांनी करायचा आणि वाढला तर काय करायचे, हे कॅन्सर तज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवा. लक्षण नाही, आकडा स्थिर आहे, तरी मनाच्या समाधानासाठी दर तीन महिन्यांनी सीटी किंवा पेट स्कॅन करत राहणे मला पटत नाही. त्यात पैसे जातात, झोप उडते आणि अधूनमधून एखादा निरुपद्रवी ठिपका सापडून नवी धावपळ सुरू होते.

पहिला स्कॅन बहुधा सीटी

संशय आला की छाती, पोट आणि ओटीपोट या तिन्हींचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करतात. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देण्याचे आयोडीनयुक्त औषध. त्याने रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. इंजेक्शन जाताना अंगभर गरम वाटते, लघवी झाल्यासारखेही वाटते. तसे झालेले नसते, घाबरू नका. साध्या सीटीत खर्च थोडा कमी येतो, पण या आजारात कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटीचा उपयोग फार थोडा, आणि पुन्हा करावा लागला तर खर्च दुप्पट.

कॉन्ट्रास्टआधी क्रिअ‍ॅटिनिनची रक्ततपासणी लागते. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाने किडनीवर ताण आलेला असू शकतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. किडनी कमजोर असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, तर ती थांबवायची का हे विचारा.

सीटीत मोठ्या गाठी, पोटातले पाणी, यकृतातले डाग, वाढलेल्या लसिकाग्रंथी, छातीतले पाणी आणि आतड्याला आलेला अडथळा चांगला दिसतो. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी मात्र पुष्कळदा निसटतात, विशेषतः आतड्याच्या पृष्ठभागावरच्या. म्हणून "सीटी नॉर्मल" याचा अर्थ "दिसण्याएवढे मोठे काही नाही" इतकाच घ्यायचा.

पेट स्कॅन पोटाचा नसतो

देवरीत छत्तीसगडची हद्द जवळ असल्याने हिंदी सगळ्यांच्या तोंडी. त्यामुळे "पेट स्कॅन" म्हटले की लोकांना तो पोटाचा स्कॅन वाटतो. पोटाची सोनोग्राफी झालेली असताना "पेट स्कॅन तर झाला" असे सांगणारेही भेटतात. पेट हे तपासणीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे, पोटाशी त्याचा संबंध नाही. यात डोक्यापासून मांड्यांपर्यंत शरीर पाहतात.

कॅन्सरच्या पेशी सहसा साखर जास्त खातात. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून ते औषध शिरेतून देतात. साधारण तासभर शांत पडून राहायचे. जिथे साखर जास्त ओढली जाते ती जागा स्कॅनमध्ये चमकते, आणि सोबतच्या सीटीमुळे ती नेमकी कुठे आहे ते कळते. हे औषध सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार करावे लागते. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला सुरू झाला. आता नागपूर आणि रायपूरलाही पेट स्कॅनची सोय आहे, त्यामुळे आपल्या भागातून त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

फ्लोरिन-१८ ची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. केंद्र त्या दिवशीच्या रुग्णांच्या हिशेबाने औषध मागवते. तुमची सकाळची गाडी साकोलीजवळ अडकली तर तुमचा डोस थांबून राहत नाही, तो विरत जातो. म्हणून सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या संध्याकाळीच नागपूर गाठा.

तयारीतल्या काही गोष्टींनी निकाल खरोखर बदलतो. चार ते सहा तास उपाशी राहायचे, साधे पाणी मात्र भरपूर प्यायचे. चहा नाही, साखरेची गोळी नाही. आदल्या दिवशी रोवणी, निंदण, ओझे उचलणे असे कष्टाचे काम नको, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात आणि चमकतात. खर्रा किंवा तंबाखू चघळू नका, जबड्याचे स्नायू उजळतात. थंडीत अंगावर शाल ठेवा, कुडकुडण्यानेही चित्र बिघडते. रक्तातली साखर फार वाढलेली असेल, २०० च्या वर वगैरे, तर बरीच केंद्रे स्कॅन पुढे ढकलतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी जास्त चमकतात आणि आतड्यावरचे लहान डाग त्यात झाकले जातात. म्हणून काही केंद्रे ती गोळी दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. स्वतःहून बंद करू नका, विचारून करा. स्कॅननंतर त्या दिवशी लहान लेकराला मांडीवर घेऊ नका, घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर तिच्यापासून थोडे लांब राहा, पाणी पीत राहा.

सीए-१२५ वाढतो आहे पण सीटीत काही सापडत नाही, अशा वेळी पेट-सीटीचा मोठा उपयोग होतो. दुसरा उपयोग ऑपरेशन ठरवण्याआधीचा. पोटाबाहेर, छातीत, मानेच्या किंवा छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींत आजार आहे का, हे तो सीटीपेक्षा चांगले सांगतो. पोटात दोनच गाठी आहेत म्हणून ऑपरेशन करायचे आणि नंतर कळायचे की छातीतही होते, हे त्याने टळू शकते.

चमकणारे सगळे कॅन्सर नसते

हा भाग जरा नीट वाचा. आपल्या भागात क्षयरोग अजून आहे, आणि क्षयाच्या ग्रंथी पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारख्याच चमकतात. पोटाच्या क्षयात पोटात पाणी होते, पेरिटोनियम जाड होतो आणि सीए-१२५ सुद्धा वाढतो. सगळे चित्र हुबेहूब परत आलेल्या कॅन्सरसारखे दिसू शकते. घरात कुणाला टीबी झाला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. चिखलात काम करून पायाला जखमा झालेल्या असतील तर जांघेतल्या गाठी चमकू शकतात. नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर तो भाग काही आठवडे चमकत राहतो. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घेतले असेल तर हाडांचा मगज चमकतो.

आपल्याकडे सिकलसेलही आहे. सिकलसेलच्या रुग्णाचा मगज मुळातच जास्त काम करत असतो, हाडात जुने इजा झालेले भाग असतात, त्यामुळे हाडांचे चित्र फसवे दिसू शकते. सिकलसेलचे कार्ड फाइलमध्ये ठेवा आणि स्कॅनच्या आधी दाखवा. अशा रुग्णाने उपाशी असताना पाणी कमी पडू देऊ नये.

उलटही होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान गाठी पेटमध्येही सुटतात, आणि म्युसिनस प्रकारचा ट्यूमर साखर कमी ओढत असल्याने मोठा असूनही फिका दिसू शकतो. म्हणून शंका असेल तिथे सुईने तुकडा किंवा पाणी काढून तपासतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीपोटी पुष्कळजण नकार देतात. पण आजार परत आल्याची शंका असताना तुकड्याची तपासणी टाळून थेट केमो किंवा ऑपरेशनकडे जाण्यात जास्त धोका आहे. क्षयावर केमो देणे कुणालाच परवडणार नाही.

एमआरआय आणि सोनोग्राफी

ओटीपोटाच्या तळाशी, योनीच्या टोकाशी, मूत्राशय किंवा गुदाशयाला लागून गाठ असेल तर एमआरआय जास्त स्पष्ट दाखवतो. डिफ्युजन नावाची एमआरआयची पद्धत पेरिटोनियमवरच्या लहान गाठी आणि आतड्यांच्या मुळाजवळचा आजार दाखवण्यात सीटीपेक्षा सरस ठरते, पण ती वाचायला सरावलेला रेडिओलॉजिस्ट लागतो. शरीरात पेसमेकर किंवा जुनी धातूची वस्तू असेल तर सांगा.

सोनोग्राफी तालुक्याच्या ठिकाणीही होते आणि पोटातले पाणी शोधायला उत्तम आहे. दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय मात्र नुसत्या तिच्यावर घेऊ नये.

सर्जन स्कॅनमध्ये काय शोधतात

रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक गाठीचा आकार बघतात. सर्जन जागा बघतात. ओटीपोटात आठ सेंटिमीटरची एकच गाठ असेल तर ती निघू शकते. लहान आतड्याच्या मुळाशी पसरलेल्या बारीक गाठी आकाराने नगण्य असूनही काढता येत नाहीत, कारण तिथून सगळ्या आतड्याचा रक्तपुरवठा जातो. यकृताच्या दाराशी, म्हणजे पित्तनळी आणि मुख्य रक्तवाहिन्या शिरतात तिथे असलेला आजार, यकृतात आत अनेक डाग, आतडी आकसून एकमेकांना चिकटलेली, या सगळ्या गोष्टींवर सर्जन थबकतात. रिपोर्टमध्ये पेरिटोनियल डिपॉझिट, ओमेंटल केक, मेझेंटेरिक रिट्रॅक्शन, असायटिस असे शब्द दिसतील. प्रत्येक शब्दाजवळ "हे निघण्यासारखे आहे का?" एवढेच विचारा. एसयूव्हीचा आकडा मोठा म्हणजे आजार तितका जास्त वाईट, असे सरळ गणित नसते.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतल्या तीन अभ्यासांत आहे. पहिल्या प्लॅटिनम केमोनंतर किमान सहा महिने मोकळे गेलेल्या स्त्रियांवर ते झाले. अमेरिकेतल्या गटाने २०१९ साली ४८५ स्त्रियांचा निकाल मांडला. त्यात ऑपरेशन आणि केमो घेतलेल्यांचे आयुष्य नुसत्या केमोपेक्षा वाढले नाही. जर्मनीच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचा ४०७ स्त्रियांचा निकाल २०२१ साली आला. त्यात ऑपरेशन झालेल्या गटाचे मध्यक आयुष्य सुमारे ५४ महिने होते आणि नुसत्या केमोच्या गटाचे ४६ महिने. फरक निवडीत असावा असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. जर्मन अभ्यासात ठरावीक अटीत बसणाऱ्याच स्त्रिया घेतल्या होत्या: प्रकृती चांगली, पोटात पाणी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नाही, आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघालेला. चीनमधल्या तिसऱ्या अभ्यासाने ३५७ स्त्रियांची निवड करताना गुणांकनासोबत पेट-सीटीही वापरला, आणि ऑपरेशनच्या गटात आजार पुन्हा वाढायला जास्त काळ लागला.

जर्मन अभ्यासातला एक आकडा मी घरच्यांना आवर्जून सांगतो. ज्यांचा आजार दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाला त्यांचे मध्यक आयुष्य सुमारे ६२ महिने होते. ज्यांचा काही मागे राहिला त्यांचे सुमारे २९ महिने, म्हणजे ऑपरेशन न केलेल्यांपेक्षाही कमी. "जेवढे निघेल तेवढे काढून टाका, बाकीचे केमोने जाईल" हा आपला घरगुती हिशेब इथे लागू पडत नाही. पूर्ण निघण्याची चांगली शक्यता नसेल तर सर्जनने नकार देणे हा हलगर्जीपणा नसतो.

कधी कधी सगळे स्कॅन होऊनही शंका उरते. मग पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहतात. आतड्यावर बारीक दाणे पसरलेले दिसले तर मोठे ऑपरेशन टळते. पहिल्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील तर ही तपासणीही अवघड होते.

जाण्याआधी फाइल बघा

जर्मन अभ्यासातली तिसरी अट पुन्हा वाचा: पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघाला होता का. हे कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. ते पहिल्या ऑपरेशनच्या टिपणात लिहिलेले असते, आणि नेमका तोच कागद बहुतेक फाइलमध्ये नसतो. डिस्चार्ज कार्ड वेगळे आणि ऑपरेशन नोट वेगळी. ती त्या रुग्णालयाकडे मागा, तुमचा तो हक्क आहे. सोबत गाठीचा तपासणी अहवाल, केमोच्या तारखा, विशेषतः शेवटच्या डोसची तारीख, सीए-१२५ चे सगळे जुने आकडे आणि आधीच्या सीटीची सीडी घ्या. नुसत्या रिपोर्टवर काम भागत नाही. जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवून पाहिले तर "नवीन गाठ" आणि "जुना व्रण" यातला फरक कळतो. सीडी असेल तर तोच सीटी पुन्हा करण्याचा खर्चही वाचतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण स्कॅनचा खर्च ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये धरला आहे की तुम्हाला भरावा लागेल, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅनच्या आधी विचारा. मदत क्रमांक १५५३८८ आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मुंबईला जायचे ठरले तर गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सोयीची आहे, पण प्रमाणपत्र तिकीट काढण्याआधी हातात हवे.

आणखी एक. "आईला सांगू नका, डॉक्टर" असे मुले हळूच सांगतात. भावना कळते. पण दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असू शकते, कधी आतड्याचा तुकडा काढावा लागतो, कधी पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते. शुद्धीवर आल्यावर हे पहिल्यांदा कळणे तिच्यासाठी फार वाईट. स्कॅन कशासाठी आहे आणि त्यातून कोणते दोन रस्ते निघू शकतात, हे तिला आधी सांगा. केमो नको, ऑपरेशन नको, घरी राहू द्या असेही ती म्हणू शकते. तेव्हा वेदना आणि पोटातल्या पाण्यावर उपचार चालू ठेवता येतात, आणि ते देवरीतही होतात.

स्कॅनची तारीख येईपर्यंत थांबायचे नाही असे प्रसंगही असतात. सारखी उलटी, पोट टम्म फुगलेले, शौच आणि वारा दोन्ही बंद, पोटात कळा. हे आतड्याच्या अडथळ्याचे लक्षण आहे. एका पायाला अचानक सूज आणि दुखणे, किंवा एकाएकी दम लागणे, ही रक्तात गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि कॅन्सरमध्ये ती होण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी १०८ ला फोन करा, जवळचे रुग्णालय गाठा आणि फाइल सोबत घ्या.